परकीय न्यायनिर्णय

भारताबाहेर असलेल्या आणि केंद्र शासनाच्या प्राधिकाराने स्थापन न झालेल्या किंवा चालू न ठेवलेल्या न्यायालयाने दिलेला न्यायनिर्णय. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ हिच्या कलम २ मधील व्याख्येचा हा आशय होय. न्यायालयाची सत्ता ही ते स्थापन करणाऱ्या राज्याची सत्ता असते आणि म्हणून ती राज्याच्या सीमेपाशी संपते. लंडनच्या न्यायालयाचा बेलिफ नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत येऊन एखाद्या कारखान्यावर जप्ती आणू शकत नाही. त्याचप्रमाणे नाशिकच्या न्यायालयाचा बेलिफ रॉटरडॅमच्या धक्क्यावर उतरलेली निफाडची द्राक्षे अडकवून ठेवू शकत नाही. व्यापार, नोकरी आणि विवाह ह्यांना मात्र अशी सीमा नाही. ऋणको एका देशात, त्याची मालमत्ता दुसऱ्या देशात आणि निर्णय देणारे न्यायालय तिसऱ्याच देशात, ही परिस्थिती आता अपवादात्मक राहिलेली नाही. अशा वेळी सीमेपलीकडून आलेल्या निर्णयाला काय किंमत द्यावयाची, हा प्रश्न उद्‌भवतो.

ह्या प्रश्नाची दोन अंगे आहेत. परकीय निर्णयाने पक्षकारांमधील वाद कायमचा मिटला, एवढेच मान्य करणे म्हणजे मान्यता. परदेशात दावा हरलेल्या वादीने तोच दावा येथे पुन्हा आणला, तर प्रतिवादी त्या निर्णयाची ढाल पुढे करतो. घटस्फोटाच्या निर्णयाने विवाह संपुष्टात आला की नाही, हाही मान्यतेचाच प्रश्न असतो. ह्यापुढे जाऊन त्या निर्णयाच्या आधारे येथील मालमत्तेतून पैसे वसूल करणे म्हणजे अंमलबजावणी. मान्यतेवाचून अंमलबजावणी नाही. परंतु अंमलबजावणीची गरज नसलेली मान्यता मात्र असू शकते.

परकीय निर्णय मानावयाचा तो कोणत्या तत्त्वावर, ह्याविषयी एकमत नाही. राष्ट्राराष्ट्रांमधील सौजन्य हा त्याचा आधार होय, असे जुने मत आहे. इंग्लिश न्यायालयांनी १८७० च्या सुमारास ते बाजूस सारून बंधनाचा सिद्धांत स्वीकारला : अधिकारिता असलेल्या न्यायालयाने एखाद्यास रक्कम देण्यास फर्मावले की, ती देण्याचे बंधन त्याच्यावर येते व ते तो कोठेही गेला तरी त्याच्याबरोबर जाते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९५ मध्ये एका फ्रेंच निर्णयास मान्यता नाकारताना पारस्परिकतेवर भर दिला. फ्रान्स आमचे निर्णय जसेच्या तसे मानत नाही, तर आम्हीही मानणार नाही, असा तो पवित्रा होता. फ्रेंच न्यायालये तेव्हा परकीय निर्णयाची गुणदोषांवर फेरतपासणी करीत. ती प्रथा तेथे १९६४ मध्ये संपली. भारतीय कायद्यात ह्या तिन्ही विचारांच्या खुणा आढळतात. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांत सौजन्याचा उल्लेख वारंवार होत असला, तरी संहितेतील तरतुदींची बांधणी मुख्यतः बंधन आणि पारस्परिकता ह्यांवर झालेली आहे.

संस्थाने आणि परकीयत्व : महाराष्ट्रात हा विषय सागरापलीकडील व्यापारातून नव्हे, तर संस्थानी हद्दींतून परिचित झाला. ब्रिटिश अमदानीत परकीय न्यायालय म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेरील न्यायालय. त्यामुळे नाशिक जिल्ह्यातील येवल्याच्या व्यापाऱ्याला शेजारच्या वैजापूरकडील कुळाविरुद्ध निजामाच्या न्यायालयातून मिळालेला निर्णय आपल्या गावी परकीयच ठरे. जिल्ह्याच्या पश्चिमेस, १९४८ मध्ये विलीन झालेल्या सुरगाणा संस्थानच्या संस्थानिकाचे न्यायालयही तत्त्वतः त्याच वर्गात मोडे. बैलगाडीच्या अंतरावर असलेली ही परदेशे होती. काही संस्थानांच्या हुकूमनाम्यांना कलम ४४ खालील अधिसूचनेने सवलत मिळे. इतरांच्या बाबतीत नव्याने दावा लावावा लागे.

अधिकारितेविषयीचा मूलभूत निर्णयही संस्थानी खटल्यातूनच निघाला. पंजाबातील फरीदकोट संस्थानच्या राजाने, नोकरी व संस्थान सोडून गेलेल्या आपल्या माजी खजिनदाराविरुद्ध संस्थानच्या न्यायालयात एकतर्फी हुकूमनामे मिळविले आणि त्यांच्या आधारे लाहोरला दावा लावला. प्रिव्ही कौन्सिलने १८९४ मध्ये तो अमान्य केला. व्यवहार संस्थानात घडला, एवढ्यावरून तेथे न राहणाऱ्या व त्या न्यायालयास शरण न गेलेल्या माणसावर त्याचा अधिकार पोहोचत नाही. आंतरराष्ट्रीय दृष्टीने असा हुकूमनामा शून्यवत् होय, असे लॉर्ड सेल्बर्न ह्यांनी सांगितले. भारतीय न्यायालये आजही ह्याच निर्णयापासून आरंभ करतात.

स्वातंत्र्यानंतर एक वेगळीच अडचण पुढे आली. निर्णय झाला तेव्हा परकीय असलेला प्रदेश अंमलबजावणीच्या वेळी स्वदेश झालेला असे. ग्वाल्हेरचे मराठा सरदार शितोळे ह्यांनी १९४७ मध्ये ग्वाल्हेरच्या न्यायालयात संयुक्त प्रांतातील रहिवाशांविरुद्ध दावा लावला. प्रतिवादी हजर झाले नाहीत आणि १९४८ मध्ये एकतर्फी हुकूमनामा झाला. पुढे दिवाणी प्रक्रिया संहिता १ एप्रिल १९५१ पासून पूर्वीच्या संस्थानी प्रदेशांनाही लागू झाली व हुकूमनामा अंमलबजावणीसाठी अलाहाबादला पाठविण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये ठरविले की, जो हुकूमनामा जन्मतःच परकीय व अधिकारिताहीन होता, तो नंतरच्या राजकीय एकीकरणाने सजीव होत नाही.

ह्याच्या उलट बाजूचे उदाहरण गोव्याचे. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. परंतु भारतीय दिवाणी प्रक्रिया संहिता तेथे १९६६ मध्ये लागू झाली व तोपर्यंत पोर्तुगीज प्रक्रिया संहिताच चालू होती. मुंबई उच्च न्यायालयाने गोव्यातील एका व्यापाऱ्याविरुद्ध दिलेला हुकूमनामा गोव्यात बजावता येईल काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७६ मध्ये होकारार्थी सुटला. शितोळे प्रकरणाशी ह्याची वरवर विसंगती वाटते, पण ती नाही. मुंबईचे न्यायालय आरंभापासून संहितेखालील न्यायालय होते. संहितेच्या दृष्टीने त्याचा हुकूमनामा कधीच परकीय नव्हता. अडसर होता तो केवळ संहिता गोव्यात लागू नसल्याचा, आणि तो दूर झाला.

कलम १३ : परकीय निर्णय त्याच पक्षकारांमध्ये, ज्या मुद्द्यांवर तो प्रत्यक्ष दिला गेला त्या मुद्द्यांपुरता, निर्णायक असतो, असा सामान्य नियम ह्या कलमात आहे. परकीय न्यायाधीशाने पुरावा बरोबर वाचला की नाही, हे भारतीय न्यायालय पाहत नाही. त्यानंतर सहा अपवाद सांगितले आहेत. अधिकारिता नसणे, निर्णय गुणदोषांवर नसणे, आंतरराष्ट्रीय कायद्याविषयी चुकीची समजूत किंवा जेथे भारतीय कायदा लागू होतो तेथे तो मानण्यास नकार दिसून येणे, नैसर्गिक न्यायाचा भंग, कपट, आणि दाव्याचा पायाच भारतीय कायद्याचा भंग करणारा असणे, हे ते अपवाद होत. प्रमाणित प्रत हजर केली की अधिकारिता होती असे कलम १४ अन्वये गृहीत धरले जाते व ती नव्हती हे दाखविण्याचा भार विरोधकावर पडतो.

व्यवहारात सर्वाधिक वाद पहिल्या दोन अपवादांवर होतात. प्रतिवादी दाव्याच्या वेळी त्या देशाचा रहिवासी असला, त्याने करारातच त्या न्यायालयाची अधिकारिता पत्करली असली, तेथे तो आपण होऊन हजर झाला असला किंवा तेथे वादी म्हणून त्यानेच दाद मागितली असली, तर अधिकारिता मानली जाते. गुणदोषांवरील निर्णय कोणता, हे प्रिव्ही कौन्सिलने १९१६ मध्ये मद्रासकडील एका खटल्यात सांगितले : प्रश्नावलीस उत्तरे दिली नाहीत म्हणून प्रतिवादीचा बचाव काढून टाकून शिक्षेदाखल दिलेला निर्णय गुणदोषांवरचा नव्हे. एकतर्फी निर्णय सरसकट निरुपयोगी ठरतो, असा मात्र ह्याचा अर्थ नाही. वादीचा पुरावा घेऊन, तो तपासून दिलेला एकतर्फी निर्णय टिकतो. प्रतिवादी आला नाही म्हणून यांत्रिकपणे दिलेला टिकत नाही. इंग्लंडमधील लोकर व्यवहारातून उद्‌भवलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये हाच भेद लावून अंमलबजावणी नाकारली.

ह्यामुळे परदेशातून समन्स आलेल्या माणसाची स्थिती इकडे आड तिकडे विहीर अशी होते. तो गेला नाही, तर एकतर्फी हुकूमनाम्याची भीती. गेला आणि गुणदोषांवर लढला, तर अधिकारितेची हरकत गमावण्याची भीती. त्या देशात आपली मालमत्ता नाही आणि पुढेही असणार नाही, असा ज्याचा निश्चय आहे त्यालाच घरी बसणे परवडते.

कलम ४४-अ आणि नाशिकचे प्रकरण : परकीय निर्णयाच्या वसुलीचे भारतात दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे त्या निर्णयालाच दाव्याचे कारण मानून येथे नवा दावा लावणे. त्यास निर्णयाच्या तारखेपासून तीन वर्षांची मुदत आहे. अमेरिकेच्या न्यायालयांच्या निर्णयांना हाच मार्ग उपलब्ध आहे. दुसरा मार्ग कलम ४४-अ चा. इंग्लंडने १९३३ मध्ये परस्पर अंमलबजावणीचा कायदा केला व त्यास अनुसरून १९३७ मध्ये हे कलम संहितेत घालण्यात आले. केंद्र शासनाने राजपत्रात व्यतिकारी राज्यक्षेत्र म्हणून घोषित केलेल्या देशाच्या वरिष्ठ न्यायालयाचा हुकूमनामा येथील जिल्हा न्यायालयात दाखल केला की, तो त्या जिल्हा न्यायालयानेच दिला आहे असे समजून थेट दरखास्त चालते. हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत आणि किती रक्कम वसूल झाली ह्याचे दाखलपत्र जोडावे लागते. कर, दंड किंवा शास्ती ह्यांच्या रकमा अशा रीतीने वसूल होत नाहीत. लवादाचे निवाडेही ह्या कलमाबाहेर आहेत. कलम १३ मधील अपवाद मात्र येथेही पुढे करता येतात. युनायटेड किंग्डम, सिंगापूर, मलेशिया, हाँगकाँग, न्यूझीलंड, फिजी, बांगला देश इत्यादींचा घोषित राज्यक्षेत्रांत समावेश होतो. संयुक्त अरब अमीरातीशी १९९९ मध्ये करार झालेला असूनही अधिसूचना निघाली ती १७ जानेवारी २०२० रोजी. आखातातून कर्ज बुडवून परतलेल्याला भारतात मिळणारा निवांतपणा तेव्हापासून बराच कमी झाला आहे.

ह्या कलमाचा अर्थ लावणारा एक महत्त्वाचा निर्णय नाशिकच्या जिल्हा न्यायालयातील दरखास्तीतून निघाला. सेलेम ह्या फ्रेंच कंपनीने आपल्या एकस्वाचा भंग झाल्याबद्दल नाशिक येथील अल्कॉन इलेक्ट्रॉनिक्स ह्या कपॅसिटर बनविणाऱ्या कंपनीविरुद्ध इंग्लंडच्या उच्च न्यायालयात दावा लावला. अल्कॉनने तेथे अधिकारितेची हरकत घेतली. न्यायालयाने १९ ऑक्टोबर २००६ रोजी ती फेटाळली व त्या अर्जाच्या खर्चापोटी १२,२२९·७५ पौंड देण्याचा आदेश केला. ही खर्चाची रक्कम वसूल करण्यासाठी फ्रेंच कंपनीने नाशिकच्या जिल्हा न्यायालयात दरखास्त दाखल केली. मूळ दाव्याचा येथे संबंध नव्हता. प्रश्न होता तो एका अंतरिम अर्जाच्या खर्चाचा.

अल्कॉनच्या हरकती तकलादू नव्हत्या. वादी फ्रान्सचा व फ्रान्स व्यतिकारी राज्यक्षेत्र नाही. खर्चाचा आदेश म्हणजे हुकूमनामा नव्हे. तो गुणदोषांवर दिलेला नाही. खर्चावर व्याज देण्याची तरतूद भारतीय संहितेतून काढून टाकलेली असताना इंग्लिश कायद्याचे ८ टक्के व्याज येथे का द्यावे, असे तिचे म्हणणे होते. जिल्हा न्यायालय व मुंबई उच्च न्यायालय येथे यश न आल्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ९ डिसेंबर २०१६ रोजी अपील फेटाळले गेले. हुकूमनामाधारक कोणत्या देशाचा हे पाहावयाचे नसून न्यायालय कोणत्या देशाचे हे पाहावयाचे, आणि ते इंग्लंडचे होते. कलमाच्या दुसऱ्या स्पष्टीकरणात, ज्याअन्वये रक्कम देय होते असा कोणताही हुकूमनामा वा निर्णय येतो. खर्चाची रक्कम ही कर किंवा शास्ती नव्हे. अंतरिम आदेशही कलम १३ च्या अपवादात बसत नसेल, तर त्यास योग्य तो मान द्यावयास हवा आणि व्याजासही कलमाचा प्रतिबंध नाही, असे न्यायालयाने ठरविले. अधिकारिता नाही हे सांगण्यासाठी गेलेल्या पक्षकारावर त्या सांगण्याचाच खर्च समुद्र ओलांडून आला, ही ह्या प्रकरणातील लक्षात घेण्याजोगी बाब होय. शीघ्र वसुलीसाठी केलेल्या कलमाखाली हा प्रश्न सुटण्यास मूळ आदेशापासून दहा वर्षे लागली, हेही नमूद केले पाहिजे.

अशा दरखास्तीच्या मुदतीविषयी मतभेद होते. ते सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये मिटविले. ज्या देशात हुकूमनामा झाला त्या देशातील मुदत पाहावयाची. भारतीय हुकूमनाम्याची बारा वर्षांची मुदत त्याला आपोआप लाभत नाही. इंग्लंडमध्ये ही मुदत सहा वर्षांची असल्याने, १९९५ च्या इंग्लिश हुकूमनाम्यावर २००९ मध्ये बंगलोरला आणलेली दरखास्त मुदतबाह्य ठरली.

कौटुंबिक निर्णय : मराठी कुटुंबांपैकी अनेकांना ह्या विषयाचा पहिला परिचय होतो तो घटस्फोटाच्या कागदपत्रांतून. पती परदेशी, पत्नी माहेरी आणि टपालाने आलेली परकीय न्यायालयाची नोटीस, हे चित्र १९६० नंतर वाढत गेले. ह्या क्षेत्रातील दोन प्रमुख निर्णय मराठी न्यायमूर्तींनी लिहिलेले आहेत. पहिला १९७४ मधील यशवंत विष्णु चंद्रचूड ह्यांचा. अमेरिकेत शिकण्यास गेलेल्या पतीने, केवळ सहा आठवड्यांच्या वास्तव्यावर दावा लावता येतो अशा नेव्हाडा राज्यात जाऊन घटस्फोट मिळविला होता. तेथे कायमचे राहण्याचा त्याचा हेतूच नव्हता. अधिवासाविषयी न्यायालयाची फसवणूक करून मिळविलेला तो हुकूमनामा कपटामुळे अमान्य ठरला. दुसरा, १९९१ मधील परशुराम बाबाराम सावंत ह्यांचा, अधिक व्यापक आहे. पक्षकारांचा विवाह ज्या कायद्याखाली झाला त्या कायद्याने मानलेले न्यायालय व त्या कायद्यात असलेले कारण, ह्या दोन्ही गोष्टी जुळल्या तरच परकीय घटस्फोट मानावयाचा, असा नियम त्यात घालून दिला आहे. विरुद्ध पक्षाचा त्या देशात कायम व सवयीचा निवास असणे, त्याने स्वेच्छेने व खऱ्या अर्थाने तेथे दावा लढविणे किंवा घटस्फोटास संमती देणे, हे त्यास अपवाद. भारतातून टपालाने हरकत कळविणे म्हणजे शरण जाणे नव्हे. विमानाचे भाडे व परदेशी वकिलाचा खर्च पेलू न शकणाऱ्या पत्नीस ह्या निर्णयाने मोठे संरक्षण दिले. मात्र त्यामुळे ‘लंगडे विवाह’, म्हणजे एका देशात संपलेले व दुसऱ्या देशात टिकून असलेले विवाह, वाढले आणि त्यांतून वारसा व पुनर्विवाह ह्यांचे प्रश्न निर्माण झाले, हेही खरे आहे.

मुलांच्या ताब्याविषयीचे परकीय आदेश ह्या नियमांत पुरते बसत नाहीत, कारण असा आदेश कधीच अंतिम नसतो. तान्हे मूल घेऊन अमेरिकेतून परतलेल्या एका मराठी मातेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सांगितले की, परकीय आदेश हा विचारात घेण्याच्या बाबींपैकी एक बाब होय, परंतु मुलाचे हित हेच सर्वोपरी. बालकांच्या अपनयनाविषयीच्या १९८० च्या हेग कराराचा भारत पक्ष नाही.

भारतीय निर्णय परदेशात : आतापर्यंतचे विवेचन बाहेरून येणाऱ्या निर्णयांविषयी होते. नाशिकच्या निर्यातदाराला खरी चिंता उलट दिशेची असते. द्राक्षे बहुधा माल पोहोचल्यावर ठरणाऱ्या भावाने जातात. तेथे प्रत कमी आहे असे सांगून आयातदार किंमत कापतो आणि वाद सुरू होतो. नाशिकच्या न्यायालयातून हुकूमनामा मिळविणे अशक्य नाही. प्रश्न तो बजावण्याचा. युनायटेड किंग्डममध्ये १९५८ च्या आदेशान्वये भारतातील उच्च न्यायालयांचे व जिल्हा न्यायालयांचे हुकूमनामे नोंदवून घेण्याची सोय आहे. नेदर्लंड्समध्ये, जेथे युरोपकडे जाणारी बरीचशी द्राक्षे उतरतात, करार नसल्यास परकीय निर्णयाची अंमलबजावणी होत नाही आणि भारताशी तसा करार नाही. नव्याने दावा लावावा लागतो. तथापि तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निर्णयानंतर, अधिकारिता सर्वमान्य आधारावर असली, कार्यवाही न्याय्य झाली असली, सार्वजनिक सुव्यवस्थेस बाध येत नसला आणि विसंगत असा दुसरा निर्णय नसला, तर डच न्यायालय बहुधा मूळ निर्णयास अनुसरूनच निकाल देते.

ह्या अडचणींमुळे जाणकार व्यापारी न्यायालयाऐवजी लवादाचे कलम करारात घालतात. लवाद निवाड्यांच्या मान्यतेविषयीचा १९५८ चा न्यूयॉर्क करार भारताने १९६० मध्ये अनुसमर्थित केला व बहुसंख्य व्यापारी राष्ट्रे त्यात आहेत. त्यामुळे सार्वभौम राज्याच्या न्यायाधीशाने दिलेल्या निर्णयापेक्षा खासगी लवादाचा निवाडा सीमा अधिक सुलभपणे ओलांडतो, अशी विलक्षण स्थिती निर्माण झाली आहे. हे वैगुण्य दूर करण्यासाठी हेग परिषदेने २०१९ मध्ये दिवाणी व व्यापारी न्यायनिर्णयांच्या मान्यतेचा व अंमलबजावणीचा करार तयार केला. डेन्मार्कखेरीज युरोपीय संघातील राष्ट्रांत तो १ सप्टेंबर २०२३ पासून व युनायटेड किंग्डममध्ये १ जुलै २०२५ पासून अंमलात आला. भारताने त्यावर स्वाक्षरी केलेली नाही. त्यामुळे परदेशी खरेदीदाराकडे पैसे अडकलेल्या द्राक्ष निर्यातदाराचे भवितव्य तूर्त त्या त्या देशाच्या कायद्यावर आणि माल पाठविण्यापूर्वी त्याने करारात कोणते कलम घातले होते, ह्यावर अवलंबून आहे.